बांधातले गवताचे बोळे

वैशाख वद्य पंचमी, शके १८३५

प्रिय नजीरा,

प्रिय लिहिलंय म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. पत्राची सुरुवात अशीच करतात, एवढं मला कोल्हापुरात मामाच्या घरी दोन यत्ता शिकताना बाईंनी सांगितलेलं. त्यापुढचं काही सांगायच्या आत माझं लग्न लागलं, म्हणून पुढचं माझ्या मनानं लिहिते. वेलांट्या चुकल्या तर चुकू देत. तू कशी आहेस, मीरासाब भावजींचा खोकला कसा आहे, हे आधी विचारायचं असतं म्हणे. ते शेवटी विचारीन, कागद उरला तर.

आमच्या मोठ्या खाचराचा बांध गेल्या पावसाळ्यात परत फुटला. तू गाव सोडून गेल्यापासून हे दुसऱ्यांदा. मालक म्हणतात, औंदाही बांध राहिला नाही तर खाचर पडीक टाकायचं आणि आपण कोल्हापुरात गिरणीला जायचं. आमचं वर्षाचं भात त्या एका खाचरातनं येतं, ते तुला सांगायला नको. वरची दोन खाचरं नुसती नावाला. लावणीला दीड-दोन महिने राहिलेत आणि बिघडलं कुठं तेच मला उमगेनासं झालंय. एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं कसं फिरतं, तू बघितलंयस. गेले आठ दिवस घरात सगळ्यांवर खेकसतेय. काल म्हशीवर पण खेकसले. तिनं शेपटी मारली तोंडावर.

आधी तुझं जे आठवतं ते लिहिते, म्हणजे पुढचं मला सुधरेल. ओल्या हवेत कापूस पिंजत नाही, म्हणून मृग लागला की मीरासाब भावजींची पिंजायची कमान चार महिने खुंटीला लागायची आणि तू डोक्यावर इरलं घेऊन, कमरेला बुट्टी बांधून आमच्या बांधांवर यायचीस. तू स्वतः खेकडा खायची नाहीस, नुसता धरायचीस आणि मलकापूरच्या बाजारात विकायचीस. बांधाकडं बघत अशी सावकाश चालायचीस की मला वैताग यायचा. बिळाच्या तोंडाशी पडलेल्या चिखलाच्या गोळ्या बघायचीस आणि म्हणायचीस, “ह्यात खेकडा न्हाई, साप हाय, दिवड.” मी एकदा विचारलं, नुसतं तोंड बघून कसं कळतं गं तुला? तर म्हणालीस, “तुझं तोंड बघून तुझ्या सासूला कळतंय न्हवं, आज भाकरी करपली ते? तसंच.” मग खांद्यापर्यंत हात आत, आणि एवढा थोरला काळा खेकडा बाहेर. एकदा त्यानं तुझं बोट धरलं ते सोडेचना. रक्त आलं तरी तू त्यालाच शिव्या देत हसत होतीस. खेकडा बुट्टीत टाकल्यावरही तू बराच वेळ त्या बिळापाशी खाली बसायचीस. काय करायचीस ते मी कधी बघायला आले नाही. माझं लक्ष लावणीच्या बायकांकडं. मला वाटायचं, पाय आखडले असतील.

आपलं भांडण व्हायचं ते पिल्लंवालीवरनं. पोटाखाली बारकी बारकी पिल्लं घेतलेली खेकडी हाताला लागली की तू तिला परत पाण्यात सोडायचीस. मी बांधावरनं ओरडायची, “अगं ए, माझी रोपं बुडातनं कातरती ती! चोराची पोरं पोसायला मी काय धर्मशाळा काढलीया?” तू म्हणायचीस, “मग फुडल्या साली मी काय धरू, तुझं डोस्कं?” बायका चिखलात उभ्या राहून हसायच्या आणि माझ्या अंगाचा भडका व्हायचा. ते अजून माझ्या मनात आहे. तू त्यांच्या आयांना सोडत होतीस, तरी खेकडी कधी फार झाली नाहीत. मी त्यांचा सगळा वंश मारायला निघाले, तर ती वाढली. हे कसं? हेच मला कळत नाही, आणि ह्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले, असं आत्तापर्यंत तरी मला वाटतंय.

तू गेलीस त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी म्हटलं, बरं झालं, आता बांधात कुणी हात घालत नाही. नागपंचमी जवळ आली तशी बांधाची चाळण झाली. माझी जाऊ चिमणाबाई आणि मी एका दुपारी बिळं मोजायला लागलो, ती पन्नासाच्या वर गेली तेव्हा चिमणाबाई म्हणाली, “आक्का, ऱ्हावू द्या, मोजून का ती कमी हुत्यात?” वरनं पाणी आत घ्यावं आणि खालनं गळून जावं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बांध मधोमध बसला. मालक म्हणाले, “राधानगरीला महाराजांनी केवढा दगडी बांध घालायला काढलाय, तिथं खेकडा नांगी मोडून घील.” मी म्हणाले, मग जावा की तिकडं, आणा चार दगड मागून. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तुला तिकडं मलकापुरात हे ऐकून बरं वाटत असेल. वाटू दे.

मग गुदस्ता मी डोकं चालवलं. तिथंच चुकलं बहुतेक. बहुतेक म्हणते, कारण अजून मला पुरतं पटलेलं नाही. ओढ्याकाठच्या गेळाची फळं कुटून डोहात टाकली की मासे गुंगून उलटे होतात, हे आपण पोरपणापासनं बघतोय. मी म्हटलं, मासा उलटा होतो तर खेकडा का होणार नाही? पाटीभर फळं आणली, कुटली आणि लावणीनंतर मोठ्या खाचराच्या पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर पाण्यावर पांढरी पोटं. खेकडी मेली, पण थोडी. मेले ते बोटाएवढे मासे, बेडूक, बेडकांची शेपटीवाली काळी पोरं, आणि तळाला असतात ती कसली कसली किडामुंगी, मला नावं माहीत नाहीत. चिमणाबाई म्हणाली, “आक्का, तुमच्या खाचरात बेडूक वरडंनात.” मी म्हणाले, बरं झालं, कान किटले होते. बगळे आठ-दहा दिवस आले, पाण्यात उभे राहिले, काही घावलं नाही तसे उठून दुसरीकडं गेले ते गेलेच. मग नाकतोडे आले. मग अळी आली. रोपांचे शेंडे पांढरे पडायला लागले. आणि बिळात खोल बसलेली खेकडी, नजीरा, जिवंतच. पाणी बदललं तशी वर आली, नांग्या उगारून, आणि बांध परत फुटला. ज्यांना मारायला गेले ते राहिले, आणि ज्यांच्याशी माझं काही वाकडं नव्हतं ते मेले.

आणखी एक बघितलं. बांधावरच्या जांभळाची पानं खाचरात पडतात, ती कुठं जातात ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. पडायची आणि नाहीशी व्हायची. गुदस्ता ती तशीच तळाला साठली, काळी पडली आणि पाण्याला घाण वास सुटला. म्हणजे आधी ती कुणीतरी खात होतं. कोण? खेकडा? का ती बारकी किडामुंगी? का दोघं मिळून? मी चिखलात उभी राहून ह्यावर इतका वेळ विचार केला की भांगलायला आलेल्या बायकांना वाटलं मला काहीतरी झालं.

विचारलं नाही असा माणूस ठेवला नाही. गुरव म्हणाला, ओढ्यावरच्या आसरा देवींना गेळाचा वास चालत नाही, नारळ फोडा. नारळ फोडला. आसरांना चालला असेल, अळीला काही फरक पडला नाही. शेतकी खात्याचे एक साहेब मलकापूरला आले होते, त्यांच्यापाशी मालकांना पाठवलं. ते म्हणाले म्हणे, बेडूक आणि पाखरं अळी खातात, ती राखा. म्हणजे मी ती मारून मोकळी झाल्यावर. मी मालकांना म्हणाले, मग खेकड्याला कोण खातं ते का विचारून आला नाहीत? ते म्हणाले, “मानसं खात्यात, आनि कोण?” आणि भाकरी खायला लागले. मी मात्र ताट बाजूला सारलं. कारण खेकडा खाणारं माणूस तुझ्या बुट्टीतनंच तो विकत घेत होतं, आणि ती बुट्टी आमच्या बांधावरनं गेली होती.

आता फाल्गुनातलं. जुना बांध पार उकरून नवा घालायचा ठरलं. मालक एका टोकाला, मी एका टोकाला. हातभर खोल गेले असेन, कुदळीला काहीतरी लागलं. गवताची गुंडाळी. मला वाटलं उंदराचं घरटं. बाहेर काढून बघते तर गवताला पीळ दिलेला, दोन वेढे मारलेले, सगळं चिकण मातीत लडबडवून गच्च दाबलेला बोळा. जिथनं तो निघाला तिथं वरच्या अंगाला टाचेचा खळगा. एक हात पुढं गेले, दुसरा बोळा. मग तिसरा. एका ओळीत तीन ओंजळी निघाल्या. जिथं बोळे होते तिथला बांध असा टणक की कुदळ उडत होती, आणि तू गेल्यानंतरची बिळं जिथं होती तिथं बोट लावलं की माती ढासळत होती. मालक येऊन बघायला लागले. “ही डागडुजी कुणी केलीया गं? आपुन तर न्हाई केली.” मी गवताचा पीळ बघितला. उलटा होता. डावऱ्या हाताचा. तू बुट्टीचा काठ तसाच बांधायचीस, आणि मी तुला चिडवायची की हिच्या बुट्टीतला खेकडा पण उलटा चालत असेल.

म्हणजे खेकडा काढल्यावर तू जी खाली बसायचीस ती ह्यासाठी. एक बीळ, एक बोळा, वर टाचेनं चार दणके. इतकी वर्षं. आणि एकदाही बोलली नाहीस. मी मालकांना म्हणाले मला ऊन लागलं, आणि जांभळाखाली जाऊन बसले.

आता त्या दिवसाचं लिहिते. तीन आषाढांमागचं. 

त्या साली लावणी झाल्यावर पावसानं आठ दिवस ओढ दिली होती. मोठ्या खाचरात जादा झालेलं पाणी सांडव्याच्या तोंडातनं खाली आण्णा भावजींच्या खाचरात उतरतं. मला वाटलं, आपलं पाणी आपल्यातच राहू दे, दिराचं दिरानं बघावं. मी सांडव्यात पाच दगड बसवले आणि वर चिखल थापला. मालकांना सांगितलं नाही, चिमणाबाईला सांगितलं नाही. मग भावाच्या पोराच्या बारशाला माहेरी गेले. जाताना दगड काढायचे, हे माझ्या ध्यानातनं साफ गेलं. तिकडं मी पाळण्याची दोरी ओढत होते आणि इकडं आभाळ फाटलं. पाण्याला जायला वाट नव्हती, त्यानं बांध फोडून वाट केली. आमचं भात गेलं, खालचं आण्णा भावजींचं तर चिखलाखाली गाडलं. मी परत आले तर गाव बांधावर जमलेलं. तू पण होतीस, शेजारच्या बांधावरनं धावत आलेली, बुट्टी कमरेला. मी आधी सांडव्याकडं बघितलं. दगड पाण्यानं कुठल्या कुठं नेलेले. मालक म्हणाले, “हे झालं कशानं?” आण्णा भावजी नुसते आपल्या खाचराकडं बघत उभे. त्यांची चिमणाबाई तेव्हा पोटुशी होती, तिनं खाली बसून तोंड पदरात घातलं. आणि माझा हात वर झाला. मी म्हणाले, “रोज बिळात हात घालती ही. हिनंच बांध पोकळ केलाय.” सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. तुझे हात खांद्यापर्यंत चिखलानं भरलेले होते. आणखी कुणाला काय पाहिजे होतं?

चावडीवर ठरलं, पिंजाऱ्याच्या बाईनं गावात कुणाच्याही बांधावर पाय ठेवायचा नाही. तू तिथं आली होतीस. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल, आणि मग मला पण भांडता येईल. भांडण मला जमतं. पण तू एकदा माझ्याकडं बघितलंस, बुट्टीतली सगळी खेकडी चावडीपुढच्या गटारात ओतलीस आणि घरी गेलीस. दसऱ्याला कळलं, बिऱ्हाड मलकापूरला नेलं. पावसाळ्यात तुमची चूल त्या बुट्टीवर पेटते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

तू नसताना गावातला एक बांध धड राहिलेला नाही. फक्त आमचाच नाही. आण्णा भावजींचा, पाटलांचा, खालच्या आळीतल्यांचा, सगळ्यांचे गळतात, आणि सगळे म्हणतात साल वाईट आहे. मी ऐकून घेते. म्हणजे मी तुझ्यावर बोट केलं आणि त्यानं बगळे उडाले? बेडूक मेले? अळी आली? असं म्हटलं तर वेड्यासारखं वाटतं, आणि नाही म्हटलं तर कुठनं सुरू झालं तेच सापडत नाही. कधी वाटतं सगळं गेळाच्या फळांनी केलं. कधी वाटतं फळांना हात लावायची वेळच आली नसती. आणि खेकडा, तो वैरी आहे का नाही, हे तर मला आता बिलकूल सांगता येणार नाही. पानं तो खात असेल तर त्याला मारू नये, बांध पोखरतो तर राखू नये. तुला तो किती ठेवायचा आणि किती उचलायचा ते कळत होतं. कसं, ते मी कधी विचारलं नाही. बिळाचं तोंड बघून कळतं ते विचारलं, पण हे नाही. मला वाटायचं शेती मी करते, तू नुसती बांधावरनं फिरतेस.

आता हे कशाला लिहिलं ते सांगते. तुला वाचता येत नाही, मला माहीत आहे. आत्ता तुला हे कोण वाचून दाखवतंय ते मला माहीत नाही, पण जो कोण असेल त्याला आता सगळं कळलेलं आहे, आणि मला तेच पाहिजे होतं. चावडीवर जाऊन तोंडानं सांगायला मी तीनदा निघाले. पाटलाला तोंडावर बोलणारी बाई मी, पण तिन्ही वेळा पायरीवरनं माघारी आले. मालकांना अजून ठाऊक नाही, आण्णा भावजींना नाही, चिमणाबाईला नाही. येत्या अमावास्येला औत बंद असतं, सगळं गाव सकाळी पाण्याच्या पाळ्या ठरवायला चावडीवर बसेल. त्या दिवशी हा कागद घेऊन तू ये. आपल्या गावच्या मास्तरांच्या हातात दे आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायला लाव. नाही आलीस, चुलीत घातलास, तरी मी काही म्हणणार नाही. नंतर तू आमच्या बांधावर पाय ठेवायचा का नाही, ते तुझं तू बघ, त्याच्यासाठी मी हे लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असेल तर थोडंच. मी पुढं बसलेली असेन, बायकांत नाही, पुढं. मास्तर भला माणूस आहे, माझी लाज राखायला मधलं काही गाळू बघेल. त्यांना सांग, एक अक्षर गाळायचं नाही, आणि सांडव्याच्या दगडांचं दोनदा वाचायचं. आण्णा भावजींना हल्ली कमी ऐकू येतं.

तू म्हणशील तर तुझीच,
ताना